काठावरची मेघा

देवळीत चार फोटोवाले होते, पण अख्खे घर एका फोटोत बसवायचे असले की लोक बसस्टँडसमोरच्या रूपरावांकडे जात. याला कारण त्यांची एक लेन्स. नागपूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने धंदा बंद करताना ती त्यांना दिली होती. जपानी, हातात जड लागणारी, पेच फिरवून कॅमेऱ्यावर बसवायची. फोकसही कडे हाताने फिरवूनच करावा लागे. कड्यावरचे अंतराचे आकडे झिजून गेले होते, म्हणून रूपरावांनी बायकोच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके दिले होते, पाच फूट, आठ फूट आणि बारा फूट. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून ते उभे राहत आणि तीस माणसे एका फोटोत घेत. रूपरावच्या डब्यात गाव मावते, असे लोक म्हणत.

त्या लेन्सची एक खोड होती. मधली माणसे जशीच्या तशी येत, पण अगदी काठावरचा माणूस आडवा ताणला जाई. गाल पसरे, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसे. म्हणून रूपराव दोन्ही टोकांना माठ, कपाट, दाराची चौकट असे काहीतरी येऊ देत. असे का करता, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर लेन्सचा लौकिक गेला असता.

१९९६ च्या फेब्रुवारीत आंजीला प्रभाकररावांच्या थोरल्या मुलीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. रूपरावांनी सगळ्यांना लावून घेतले, डाव्या टोकाला पाण्याचा माठ ठेवला. बटण दाबणार एवढ्यात थोरलीने धाकट्या बहिणीला हाक मारली. मेघा स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आली आणि माठाच्या पुढे उभी राहिली. रूपरावांनी ते पाहिले. पण माणसे ताटकळली होती, म्हातारे खोकू लागले होते. त्यांनी बटण दाबले.

दीड महिन्याने प्रभाकरराव स्टुडिओत आले आणि बाकावर बसले. पाणी दिले ते त्यांनी हातातच धरून ठेवले. मग हळूहळू सांगितले. मेघासाठी कारंज्याचे स्थळ आले होते. मुलगा अश्वजित शाळेत शिक्षक, माणसे चांगली. पण आधी एका ठिकाणी ती मंडळी फसली होती. स्टुडिओतल्या फोटोवर पेन्सिल फिरवून मुलगी गोरी, नाक सरळ असे सगळे केलेले निघाले. त्यामुळे या वेळी त्यांनी निरोपच दिला होता, की स्टुडिओतला फोटो नको, घरातला साधा पाठवा. घरातला फोटो म्हणजे साक्षगंधाचा. फ्रेमसाठी मोठा काढलेला. मेघा टोकालाच उभी होती, कात्रीने कापायलाही सोपी. प्रभाकररावांनी ती कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून पाठवली होती.

मध्यस्थाकडून विचारणा आली, पोरीच्या तोंडावरून कधी वारे गेले होते काय?

"मी म्हटलं, नाई बा, असं काई नाई," प्रभाकरराव म्हणाले. "तर मध्यस्थ म्हणते, फोटो काय खोटं बोलते? त्यायच्यापाशी हिंगणघाटचं स्थळ आहे. गुरुवारी ठरवून राह्यले." थोडे थांबून ते म्हणाले, "आता मेघा दिवसभर आरशापाशी उभी राह्यते. मले म्हणे, बाबा, माह्यं तोंड खरंच तसं आहे काय? तुम्हाले सवय झाली म्हणून दिसत नसन."

रूपरावांनी दुसरा फोटो काढून देतो असे म्हणून पाहिले. पण ते म्हणतानाच त्यांना कळत होते की त्याचा उपयोग नाही. नवा फोटो चांगला आला तर तोच पेन्सिल फिरवलेला ठरणार. आणि लकव्याची गोष्ट एकदा कारंज्यातून निघाली की आर्वी, पुलगाव, वर्धा, जिथे जिथे नाते जोडायचे तिथे ती मेघाच्या आधी पोचणार.

प्रभाकररावांना त्यांनी एवढेच सांगितले, "मी कारंज्याले जाऊन येतो." कशासाठी, हे सांगितले नाही.

बुधवारी सकाळी ते निघाले. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून मांडीवर. वर्ध्याला बस बदलली, आर्वीला बदलली. वाटेत तीन वेळा त्यांनी टॉवेल सोडून लेन्स पाहिली. मुलीच्या बापाने पाठवलेला माणूस म्हणून दारातूनच परत लावतील काय? समजा घरात घेतले, तरी त्यांना पटेल काय? आणि पटले, तर आपलाच दोष आपण सांगून आलो, हे देवळीत कळायला किती दिवस लागतील? आर्वीच्या स्टँडवर परतीची गाडी समोरच लागलेली होती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, पाटी वाचली आणि परत कारंज्याच्या गाडीकडे आले.

मुलाची आई अन्नपूर्णाबाई दारातच होत्या. जयभीम झाला, पाणी आले. वडील भैयाजी भिंतीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. रूपरावांनी, साक्षगंधाचा फोटो मी काढला, असे सांगताच बाईंनी आतून तो पुठ्ठा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

रूपरावांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि यातून भैयाजींकडे पाहा म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून डोळा लावला. "मले तर काईच दिसत नाई. धुकं आहे."

रूपरावांनी दार पूर्ण उघडले, उजेड आला. तरी धुकेच. मग ध्यानात आले, कडे सवयीने बारा फुटांच्या ठिपक्यावर होते आणि बाईंचा चष्माही हातात होता. त्यांनी कडे फिरवायला सांगितले, रेडिओचे स्टेशन लावतात तसे, सावकाश. बाई फिरवत राहिल्या. पुढे, मागे, परत पुढे. मग हात थांबला.

"हं. दिसले."

"आता कॅमेरा हळू हळू डावीकडे फिरवा. भैयाजी उजव्या काठावर गेले पाह्यजेत."

बाईंनी फिरवला. रूपरावांना वाटले, दिसत नाही यांना, संपले. बाईंनी पुन्हा मध्यापासून काठापर्यंत फिरवला, मग तिसऱ्यांदा.

"हलू नका हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचं तोंड भोपळ्यावाणी होऊन राह्यलं."

भैयाजींनी पेपर खाली ठेवला. मग त्यांनीही डोळा लावून बायकोला काठावर नेऊन पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिले. बाई म्हणाल्या, पुरे झाले आता. पुठ्ठा त्यांनी उचलून उजेडात धरला. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला नव्हता.

"तुम्हाले हे माहीत होतं. मग पोरीले काठावर काऊन उभं केलं?"

एवढा एकच प्रश्न कोणी विचारू नये, असे रूपरावांना देवळीपासून वाटत होते.

"चुकलो," ते म्हणाले. "चहाचा ट्रे घेऊन आली. लोक ताटकळले होते. वाटलं, लग्न थोरलीचं, हिच्याकडे कोण पाह्यते?"

"आमी पाह्यलं न," बाई म्हणाल्या. मग पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवत म्हणाल्या, "गुरुवारी हिंगणघाटले जायचं होतं. त्याच्याऐवजी आंजीले येतो. पोरगी पाहू आणि मग ठरवू. तुमचा डबा आणू नका तिकडे."

शुक्रवारी दुपारपर्यंत रूपरावांनी दुकानात एकही फोटो काढला नाही. फोन नव्हता. तीन वाजता प्रभाकरराव पेढे घेऊन आले, तेव्हा रूपरावांनी पेढा तोंडात न घालता आधी लेन्सच्या खोडीची सगळी गोष्ट सांगून टाकली. प्रभाकररावांना ती गोष्ट आदल्या दिवशीच अन्नपूर्णाबाईंकडून कळली होती. पेढे त्यानंतरही त्यांनी आणले होते.

मेघा आणि अश्वजितचे लग्न मे महिन्यात झाले. फोटो रूपरावांचेच. खोडीची बातमी तोवर सगळ्या पाहुण्यांत पसरली होती आणि काठावर उभे राहायला कोणी तयार होईना. सगळे मधे दाटले. हसण्यावारी चालले होते. रूपरावांनी सगळ्यांना अंगणात नेले, लेन्स काढून दुसरी लावली आणि दोन फोटो काढले, अर्धे घर एकात, अर्धे दुसऱ्यात.

२००५ च्या सुमारास त्यांनी दुकान बंद केले. आता लग्नात ते पाहुणे म्हणून जातात. पोरे डिजिटल कॅमेरे घेऊन फटाफट फोटो काढतात. रूपराव पंगतीला बसायच्या आधी फोटोवाल्याच्या मागे जाऊन उभे राहतात, टोकापासून टोकापर्यंत पाहतात. कोणी वाढपी बाई हात पुसत येऊन काठाला उभी राहिली, की ते पुढे होतात, तिचा दंड धरतात आणि तिला दोन पावले आत ओढतात.