मामाजी पाण्यात काऊन नाही गेले

आमच्या गावात सध्या एक गोष्ट फिरून राहिली. पोरगी नावेखाली बुडून राहिली होती अन बाप बाजूच्या नावेत बसून आंघोळीसाठी कपडे काढून राहिला होता. गोरेगावच्या बाजारात जाईस्तोवर तं त्या गोष्टीत साबणही आला. मी त्याच नावेत होती. साबण नव्हता.

बाप म्हणजे माझे मामाजी, चंद्रकुमार हरिणखेडे. पोरगी म्हणजे गुंजन, त्यायची एकुलती एक. मी योगेश्वरी, त्यायची भाची. शाळा नववीत सोडली, कारण मले एका जागी बसवत नाही. मामाजीच्या शाळेत टिकली, कारण तठी एका जागी बसलं तं नाव पलटते.

मामाजी फौजेत होते. तिकडं कोणीतरी त्यायले शिडाच्या नावेत बसवलं, अन मंग ते दुसऱ्या कामाचे राहिले नाही. रिटायर होऊन आले तं लोकाईले वाटलं आता ट्रॅक्टर घेतीन. त्यायनं ट्रकवर तीन जुन्या नावा आणल्या. दोन शिडाच्या, एक मोटरची. सगळ्याईचं धान कापाले आलं होतं अन हा माणूस तलावाच्या पाळीवर बोर्ड रंगवून राहिला होता, 'सेलिंग स्कूल'. श्यामलाल आजानं बोर्ड दोनदा वाचला अन म्हणाला, "समुद्र कवा येते?"

"तलाव आहे ना," मामाजी म्हणाले.

"तलावात डोंगा चालते. बांबूनं ढकलला का चालते. त्याले शाळा कायले पायजे?"

मामाजीनं बोर्डाले रंगाचा दुसरा हात मारला.

पहिला क्लास पाण्यात नसते, खळ्यावर असते. बाया सुपानं धान उडवून राहिल्या असल्या का मामाजी पोट्ट्याईले तठी नेऊन उभे करत. "कोंडा कुठं चालला?" पोट्टे बोट दाखवत. "मंग वारा कुठून आला?" अर्धे पोट्टे पुन्हा तिकडंच बोट दाखवत. त्यायले मामाजी कोंड्याच्या समोर उभे करत. डोळ्यात गेला का वारा कुठून येते ते समजे, अन मंग जन्मभर भुलत नसे.

दुसरा क्लास खाटेवर. चार पोट्टे खाटेवर बसवायचे अन मामाजी वरून बांबू फिरवायचे. शिडाच्या खाली एक आडवी दांडी असते, वारा फिरला का ते पण फिरते, तवा मुंडकं खाली घ्यायचं. जो नाही वाकला त्याले बांबू बसे. एका पोट्ट्याची माय, प्रेमिलाबाई, भांडाले आली तं मामाजी म्हणाले, "बाई, दांडी तं माफी पण मागत नाही. मी मागून राहिलो."

तिसरा क्लास पलटीचा. अन खरी पंचाईत तठी झाली.

मामाजीचं म्हणणं असं, का नाव चालवाले मंग शिका, आधी पलटलेली सरळ कराले शिका. नावेच्या पोटातून एक फळी खाली निघते. नाव आडवी पडली का त्या फळीवर चढून उभं राहायचं, नावेचा काठ धरायचा अन सगळं वजन मागं टाकायचं. मंग डोलकाठी पाण्यातून वर येते अन नाव सरळ होते. बसलेल्या म्हशीसारखी, तिच्या मर्जीनं.

आता आमच्या गावात तलावाचा कायदा एकच आहे. कोणी पाण्यात पडलं तं कोण, कोणाचं, विचारायचं नाही. उडी टाकायची. दुधराम अन भैय्यालाल धानाच्या बांधीतल्या हद्दीच्या धुऱ्यावरून कित्येक वर्षं बोलत नाहीत. पण दुधरामचा पोरगा तलावात पडला तवा पहिली उडी भैय्यालालची होती. पोट्टा काढून दुधरामच्या हातात दिला अन दोघंही न बोलता आपापल्या घरी गेले.

तं पहिल्या पलटीच्या क्लासले पाळीवर सारं गाव जमलं होतं. मामाजीनं शिट्टी वाजवली, दोघा पोट्ट्याईनं नाव पलटवली, अन पाळीवरचे सगळे माणसं पाण्यात. धनलालले पोहता येत नाही, त्यानंही उडी टाकली. कायदा म्हणजे कायदा. त्याले आमच्या पोट्ट्याईनंच ओढून काढलं. क्लास तसा वाया गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजी पाळीवर गेले. "तुमी हात लावता तं पोट्टं शिकन काय?"

श्यामलाल आजा म्हणाला, "जिवंत राहीन. बाकीचं मंग शिकन."

"त्याच्या अंगात जॅकेट आहे. ते बुडू देत नाही."

"जॅकेट तुझं, भरोसा तुझा. पोट्टं गावाचं."

मामाजी वर्षभर त्या पाळीवर चकरा मारत राहिले. बसून पाहा, म्हणत. बोंबला, पण बसून बोंबला. हळूहळू लोक बसाले शिकले. तंबाखू घोटत बसत, घोटून घोटून त्याची धूळ होईस्तोवर. धनलाल सगळ्याईत पहिले शिकला. एक श्यामलाल आजा नाही शिकला. "माह्यं वय शिकाचं नाही," म्हणे, अन पोहाले मात्र त्याचं वय चाले.

गुंजनचं असं होतं. बाहेरच्या एका मोठ्या केंद्रात मोठा तलाव, राहाची सोय अन रोज सराव होते. तठी तिले जायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मागतलं नाही. तठची परीक्षा घ्याले रीता मॅडम अठी येणार होती. मॅडमसमोर नाव पलटवायची, एकटीनं सरळ करायची, अन शीड लावून काठावर आणायची. कोणाचा हात लागला तं फेल.

आदल्या दिवशी जेवताना फुलवंता मामीनं विचारलं, "नावेखाली अडकली तं तुमी जासान का नाही?"

"मी सगळ्याईले बसाले सांगतो," मामाजी म्हणाले.

"सगळ्याईचं नाही विचारलं."

मामाजी हात धुवाले उठले. ताट भरलेलंच होतं.

परीक्षा फेब्रुवारीत झाली. तलावाचं पाणी उन्हाळी धानाले सोडून राहिले होते, म्हणून तलाव अर्धाच होता. गुंजननं नाव पलटवली, फळीवर पाय ठेवला, अन पाळीवरून धप्पकन आवाज आला. श्यामलाल आजा. त्यानं सरळ जाऊन तिची वेणी धरली.

"आजा, सोड. परीक्षा आहे."

"आधी काठ. मंग परीक्षा."

रीता मॅडम खुर्चीवरून उठली. "हाथ लग गया." मंग गुंजनच्या तोंडाकडं पाहिलं अन म्हणाली, "गलती लड़की की नहीं है. चाय के बाद एक मौका और. बस एक."

मी आजाले म्हटलं, "पुन्हा उडी टाकली तं वल्ह्यानं पाय मोडीन."

"मोडलेल्या पायानंही पोहता येते," आजा म्हणाला.

मामाजीनं मॅडमचं टाइम मोजाचं घड्याळ मागून आणलं अन आजाच्या हातात दिलं. "हे तुमी धरा. मॅडमचं आहे. पाण्यात गेलं तं खराब होते." आजानं ते दोन्ही हातानं धरलं, कोंबडीचं पिल्लू धरावं तसं. मंग तो हललाच नाही.

चहा झाला. मी अन मामाजी मोटरबोटीत, मोटर माझ्या हातात, गुंजनपासून थोडं लांब. तिनं नाव पलटवली. यावेळी नाव आडवी थांबली नाही, पुरी उलटी झाली. वर नुसतं नावेचं पोट. अन पाणी कमी, म्हणून डोलकाठीचं टोक तळच्या चिखलात रुतलं. गुंजन दिसेना.

पाळीवर कोणी हललं नाही. पहिल्यांदाच असं झालं. सारं गाव मामाजीनं शिकवलं तसं बसून होतं.

मामाजी म्हणाले, "मोबाईल धर."

"काऊन?"

"धर म्हटलं."

मी धरला. मंग त्यायनं जॅकेट काढलं. जॅकेट घालून नावेखाली जाता येत नाही, ते माणसाले वर ढकलते. अन दोऱ्यात अडकन असं अंगावर काही ठेवायचं नसते, हे आमाले त्यायनंच शिकवलं आहे. म्हणून ते टी-शर्ट काढाले लागले. शाळेचा कॉलरवाला टी-शर्ट. मॅडम येणार म्हणून बटणं गळ्यापर्यंत लावली होती, अन वरून गळ्यात शिट्टीची दोरी. टी-शर्ट मुंडक्यावर गेला अन तठीच अडकला. हात वर, मुंडकं आत.

आतून आवाज आला, "दिसली का?"

"नाही," मी म्हटलं. अन तेवढ्यात गुंजन नावेच्या पलीकडून निघाली. पायाची दोरी सोडवली, नावेच्या पोटावर चढली, फळी धरून उभी राहिली. मागं वाकली. चिखलानं डोलकाठी सोडली नाही. गुंजन तशीच लटकून राहिली.

"योगे, दिसली का?"

"दिसली, दिसली. थांबा."

ते थांबले नाही. आमची मोटरबोट डगमगाले लागली इतके झटके टी-शर्टले देत होते. तिकडं चिखल हळूच सुटला, डोलकाठी काळ्या गाळानं माखून वर आली अन गुंजन उलटी उडी मारून नावेत पडली. मामाजीचं मुंडकं निघालं तवा गुंजन डब्यानं नावेतलं पाणी फेकून राहिली होती.

मामाजीनं तिच्याकडं पाहिलं. मंग मले विचारलं, "कशी उठवली?"

"तुमी शिकवलं तशी."

वर्षभर ज्यासाठी बोंबलले ते झालं, अन त्यायले दिसलं नाही.

गुंजन पास झाली. आजानं मॅडमले घड्याळ परत दिलं, ते चालूच केलं नव्हतं. मॅडमपाशी दुसरं होतं. पण पाळीवरून लोकाईले जे दिसलं ते दिसलं. पोरगी खाली, बाप वर उघडा. "गोटा आहे गोटा," दुधराम म्हणाला. भैय्यालालनं मान हलवली. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा जमलं. मामीनं तं घरात मामाजीशी बोलणंच सोडलं.

मी म्हटलं, "मी सांगते गावाले, तुमी उडी टाकाले निघाले होते म्हणून."

"नाही सांगायचं."

"काऊन?"

"मीच निघालो होतो हे समजलं, तं पुढच्या क्लासले सगळे पाण्यात. वर्ष लागलं बसवाले."

"अन मामीले?"

मामाजी मोटरचा प्लग पुसत राहिले. तो आधीच पुसलेला होता.

गुंजन गेली त्या दिवशी आमी गोरेगावच्या बसस्टँडवर होतो. मामी पण आली होती, बॅग धरून, मामाजीकडं पाठ करून. एसटी उशिरा होती. मामाजी गुंजनले सांगून राहिले होते का नव्या जागी दोऱ्या पायात येऊ द्यायच्या नाहीत. गुंजन ऐकून राहिली होती. मंग म्हणाली, "बाबूजी, त्या दिवशी चिखल सुटतच नव्हता."

"हो. गाळाचा तलाव आहे."

"माह्यी ताकद सरली होती. सोडून देणार होती. मंग तुमच्याकडं पाहिलं. तुमी टी-शर्टात अडकले होते. म्हटलं हे आता निघतीन, उडी टाकतीन, हात लावतीन, अन मी फेल. मंग असा जोर लावला का सुटलाच."

मामीनं बॅग खाली ठेवली. मामाजीकडं तोंड केलं.

"निघाले होते?" तिनं विचारलं.

मामाजीनं स्टँडच्या पाटीकडं पाहिलं. तिच्यावर काही नवीन लिहिलं नव्हतं. "बटणं लावली होती," ते म्हणाले.

"तं सांगतलं काऊन नाही?"

"शाळा आहे."

मामी मले म्हणाली, "योगे, हे गावाले सांग."

मामाजी म्हणाले, "नाही."

मामी म्हणाली, "सांग."

एसटी आली. गुंजन खिडकीत बसली. मामाजी खिडकीपाशी गेले अन एवढंच विचारलं, "मागं वाकली तवा गुडघे सरळ होते का?"

"सरळ होते."

"बरोबर," मामाजी म्हणाले.