आपल्या कामाला चाललेलं पाखरू

उडत्या पाखराचा फोटो काढण्यात माझा हात धरणारं आमच्या तालुक्यात कोणी नाही, असं मी पंधरा वर्षं मानत आले. मानत कसली, चारचौघांत सांगतही आले. थंडीत नागपूरहून लोक यायचे. हातभर लांब लेन्स, अंगावर झाडपाल्याच्या छापाचे कपडे, आणि अडई बदकांचा थवा केव्हा एकदा उडतो म्हणून तीन-तीन तास मुंडी खाली घालून बसलेले. मला त्यांची कीव यायची. मी तलावाच्या पाळीवर पोचायचे, वारा कुठून आहे ते पाहायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि एक हाळी द्यायचे. थवाच्या थवा वर. दहा मिनिटांत काम फत्ते, आणि घरी येऊन भाजी फोडणीला.

ही हाळी माझी माहेरची. माहेर एकोडीचं, सगळा धानाचा कारभार. हलका धान दुधावर आला की पाखरं हाकायला मला शेतातल्या उंच माळ्यावर बसवायचे, शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर. बाकीची पोरं पत्र्याचे डबे बडवायची, मला डबा कधी लागला नाही. पोटातून काढलेला लांबच लांब ‘हाऽऽऽ’ आणि शेवटी वर उचललेला ‘हुर्रऽऽ’, की चार बांध्यांवरची पाखरं एकदम उठायची. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून माझा आवाज ऐकवत. पुढे मी शिक्षिका झाले, साकोलीला संसार थाटला, कॅमेरा घेतला, तेव्हा हाच गळा कामी आला. पाखरू वाऱ्याकडे तोंड करून उठतं, म्हणून वारा आडवा असला की थवाही माझ्यासमोरून आडवाच जाणार. पंख पसरलेले, बाजूनं ऊन, फोटो खणखणीत.

सानगडीच्या वाटेवर एक तलाव आहे. तिथं मासेमारांची सोसायटी आहे आणि तिची अध्यक्ष एक बाई आहे, माझ्याच वयाची. स्वतः डोंगा चालवते, जाळं टाकते, आणि बोलायला लागली की समोरच्याची सोय पाहत नाही. तिनं पाळीवर सोसायटीची नवी खोली बांधून घेतली आणि मला निरोप पाठवला की समोरच्या भिंतीवर मोठा फोटो लावायचा आहे, उडत्या पाखराचा, आपल्या तलावावरचा. उद्घाटनाला चार रविवार होते. मी म्हटलं, चार रविवार कशाला, उद्याच निवडा.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले. माझे सगळ्यात गाजलेले पंचवीस फोटो तिच्यासमोर ठेवले. तिनं पदराला हात पुसले आणि एकेक फोटो शांतपणे पाहिला. शेवटचा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

“सारेच पळून राहिले जी म्याडम.”

“पळून नाही, उडून राहिले,” मी म्हटलं.

“नाही जी. एक भी पाखरू आपल्या कामाले चाललं नाही. मान पाहा न याची, कशी ताणली. डोळा मागं आहे.” मग एका बगळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “आन् हे तर भेवानं हागलं.”

बगळ्याच्या शेपटीखाली पांढरा फराटा होता. मी म्हटलं, पाण्याचे थेंब आहेत ते.

“पाणी पांढरं असते काय जी?” ती हसली, पण लगेच गंभीर झाली. “आमच्या भिंतीवर काय दाखवाचं मंग? का आमच्या तलावावरून पाखरं पळते म्हणून?”

मला भयंकर राग आला. जिनं जन्मात कॅमेरा हातात धरला नाही, ती मला शिकवणार! घरी येऊन जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि मूळ फोटो उघडले, खास तिला खोटं पाडायला. आणि बसल्या जागी गार झाले. ते पांढरे फराटे मला नवे नव्हतेच. फोटो स्वच्छ करताना मी ते वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर पुसत आले होते. बगळ्यांचे, बदकांचे, करकोच्यांचे. घाण म्हणून पुसायचे आणि पुढच्या फोटोकडे वळायचे. तो एक तेवढा नजरेतून सुटला होता. पंधरा वर्षांत मी हजारो पाखरं टिपली, आणि त्यातलं एकही मला न भिता उडालेलं नव्हतं. मला लाज वाटली. फार वाटली.

पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. तिला फोन केला आणि सांगितलं, फोटो मिळेल. तुमच्या भिंतीला शोभेल असाच मिळेल.

पहिल्या रविवारी पाळीखाली बेशरमाच्या झुडपाआड बसले. तासाभरानं बदकं सरकत सरकत बरोबर माझ्यासमोर आली, ऊन चांगलं पडलं, वारा आडवा, आणि कधी तोंड उघडलं ते मला कळलंच नाही. ‘हाऽऽऽ हुर्रऽऽ!’ सगळा तलाव रिकामा. पलीकडच्या काठावर जाळं सुकवणाऱ्या बाया पोट धरून हसल्या.

दुसऱ्या रविवारी तोंडात सुपारी धरून बसले. आवाज निघाला नाही, पण पाखरंही आली नाहीत. जी होती ती पार पल्याड जाऊन बसली. तेवढ्यात आमच्या अध्यक्षबाई डोंग्यातून माझ्यासमोरून गेल्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी पाणकोंबड्या खुशाल चरत राहिल्या. एकीनंही मान वर केली नाही.

“तुम्हाला बऱ्या चिकटून राहतात,” मी ओरडून म्हटलं.

“मी माझ्या कामाले आली जी. तुमी नुसत्या टक लावून पाहून राहिल्या. मांजर तशीच पाहते.” डोंगा पुढे गेला, तरी ती मागं वळून म्हणाली, “काही काम घेऊन येत जा आपलं!”

काम तर माझ्याकडे ढीगभर होतं. तिसऱ्या रविवारी मी सातवीच्या भूगोलाचे पेपर घेऊन गेले. झुडूपबिडूप सोडलं, उघड्यावर चटई टाकली, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि लाल पेन उघडलं. पहिल्या दहा पेपरांपर्यंत अर्धं लक्ष पाण्यावर होतं. मग एका दिवट्यानं वैनगंगा अरबी समुद्राला नेऊन मिळवली आणि मी पाखरं, तलाव, भिंत, सगळं विसरून पुटपुटायला लागले. शेरा लिहून मान वर केली तर समोरून एक करकोचा येत होता, चोच मिटली तरी जिच्या मधे फट राहते तो. माझ्याकडेच येत होता.

कॅमेरा उचलला. आजवर मी पाखराची पाठ पाहिली होती, पोट पाहिलं होतं, हा त्याचा चेहरा होता. पंख कमानीसारखे धरलेले, पाय खाली सोडलेले, नजर कुठं उतरायचं त्या चिखलावर. त्याच्या चोचीतल्या फटीतून पलीकडचं पाणी दिसत होतं. मी बोट दाबलं. फोटो मिळाला हे मला तिथंच कळलं. आज तो भिंतीवर आहे आणि उजव्या पंखाचं टोक चौकटीबाहेर गेलंय, हे पाहणारा प्रत्येक जण मला सांगतो. गेलंय तर गेलंय. अध्यक्षबाई तो पाहून एवढंच म्हणाल्या, “हा गोगलगाय खायाले आला.” मला त्याहून मोठी दाद आजवर मिळालेली नाही.

करकोचा माझ्यापासून वीसेक पावलांवर उतरला. चिखलात चोच खुपसून तो चरायला लागला. वारा आडवा होता, ऊन बाजूनं होतं, आणि एवढ्या जवळून उडणारा करकोचा मी कधी टिपला नव्हता. एक हाळी पुरली असती. गळ्यात ती आली, अगदी जिभेपर्यंत आली. मी दात आवळले आणि पुढचा पेपर घेतला.

सगळे पेपर संपले तरी तो चरतच होता. मी पेन बंद केलं, चटई आवाज न करता गुंडाळली, चप्पल हातात घेतली आणि गुडघे कुरकुरत असताना ओणव्यानं मागच्या बाजूनं पाळ चढले. वरून वळून पाहिलं. तो तिथंच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाखराच्या आधी मी उठले होते.