सातवीच्या वर्गातली आग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना माझ्या तळहाताला अजून घाम येतो. आमच्या विजय नगरात हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो त्यात आपलं काहीतरी घालून सांगून राहिला. कोणी म्हणतं मी तिघांना खिडकीतून खाली फेकलं. फेकलं नाही बापा, एकालाच ओढलं. पण कोणाला ओढलं, तिथंच तर सगळं बिघडलं.

मी डोंगरे, शाळेत खेळाचा शिक्षक. वडील अमरावतीकडून इथं जबलपूरला फॅक्टरीत लागले, तेव्हापासून आम्ही घरात मराठी अन् फाटकाबाहेर हिंदी. मागच्या वर्षी शाळेनं मला आग विझवण्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं अन् मी प्रभारी होऊन परत आलो. सोबत एक लाल जॅकेट मिळालं. पहिल्या दिवशी मी ते घालूनच जेवायला बसलो.

बायको म्हणाली, "काहून घालून बसले घरात? उतरवा नं."

"सवय करून राहिलो," मी म्हटलं.

आता या गोष्टीतलं दुसरं माणूस. पूजा तिवारी, आमच्याकडची विज्ञानाची मॅडम. वय माझ्या पोरीएवढं, नोकरी कंत्राटाची. पोरगी मेहनती. इंटरनेटवर फुकटात मिळणारे शिकवायचे व्हिडिओ, खेळ, प्रश्नमंजूषा असं काय काय शोधून आणायची अन् वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायची. पोट्टे तिच्या तासाला पाणी प्यायलासुद्धा उठत नव्हते.

तर त्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब तिचा तास पाहायला येणार होते. तास चांगला झाला तर कंत्राट पुढे चालू, नाही तर सुट्टी. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"डोंगरे सर, एक बार देख लीजिए ना. बिजली का पाठ है. बच्चे खुद स्क्रीन पर तार जोड़ते हैं, बल्ब जलाते हैं."

मी म्हटलं, "अरे मॅडम, मैं मैदान का आदमी. मुझे क्या समझेगा?"

ती "अच्छा सर" म्हणून गेली. पाचच मिनिटांचं काम होतं. तेवढं पाहिलं असतं तर आज तुमच्यासमोर मान वर करून बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, सातवीच्या वर्गात मागच्या खुर्चीवर बसले. स्क्रीन नीट दिसावी म्हणून पूजानं सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावलेला, दार बंद. प्रिन्सिपल मॅडमनी मला व्हरांड्यात उभं केलं. "डोंगरे जी, कोई शोर ना करे." मी जॅकेट घालून उभा राहिलो.

आतून व्हिडिओचा आवाज येऊन राहिला होता. मग तो थांबला अन् पूजा म्हणाली, "अब तुम लोग जोड़ो." बाक सरकल्याचे आवाज आले.

अन् एकदम बेचाळीस पोट्टे ओरडले, "मैम, आग! आग लग गई!"

मी वर पाहिलं. दारावरच्या काचेत नारिंगी उजेड हलून राहिला होता.

काय वाटलं असेल सांगा बरं. आत बेचाळीस लेकरं. खिडक्या बंद, वर कागद चिकटवलेला, म्हणजे पेटायला आणखी सामान. बाहेर पडायला एकच दार. पण प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं, पहिले वीज बंद. मी पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

आता विचार करा, काळे कागद लावलेल्या खोलीत वीज गेली तर काय होईल? काळाकुट्ट अंधार. अन् जे पोट्टे आतापर्यंत मजेत ओरडत होते ते आता खरोखर किंचाळले. ते ऐकून माझी उरलीसुरली शंकाही गेली. दार ढकललं, शिट्टी फुंकली.

"सब बाहर! लाइन से, दौड़ना नहीं!"

अंधारात पूजाचा आवाज आला, "सर, वो तो—"

"मॅडम, बाद में!"

लेकरं भरभर बाहेर पडली. मी भिंतीला धरून मागपर्यंत गेलो. खुर्चीवर एक माणूस बसलेला हाताला लागला. धक्क्यानं बेशुद्ध झाला असेल असं वाटून मी त्याच्या काखेत हात घातले अन् ओढत ओढत मैदानापर्यंत नेला. उजेडात पाहिलं तर साहेब. शुद्धीत होते, पूर्ण शुद्धीत. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा.

"आप हैं कौन?" त्यांनी विचारलं.

"प्रभारी," मी म्हटलं अन् आग विझवायचा लाल सिलेंडर घेऊन परत आत पळालो. तोवर घंटा वाजून वाजून अख्खी शाळा मैदानात आली होती.

वर्गात सिलेंडरची नळी समोर धरून मी आग शोधू लागलो. धूर नाही, वास नाही. स्क्रीनवर हात ठेवला, थंडगार. खिडकीवरचा कागद ओढून काढला. ऊन आत आलं. बाकांवर वह्या जशाच्या तशा उघड्या होत्या अन् खुर्चीपाशी साहेबांचा बूट.

दारात पूजा उभी होती. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती अगदी हळू बोलली.

"सर, आग स्क्रीन के अंदर थी."

एका पोरीनं स्क्रीनवरच्या बॅटरीची दोन्ही टोकं मुद्दाम सरळ तारेनं जोडली होती. तसं केलं की बॅटरीवर ज्वाळांचं चित्र येतं. शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते लेकरांना जीव न घालवता दिसावं, म्हणून. सगळा तास त्या एका चित्रासाठी रचला होता पूजानं.

मी मेन स्विच वर केला. स्क्रीन सुरू झाली, पण त्यावर एक निळं कडं फिरत राहिलं. फिरतच राहिलं. बाहेर साहेब घड्याळ पाहून राहिले होते.

"मेरी नौकरी गई, सर," पूजा म्हणाली.

खरं सांगतो, सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. मी बूट उचलला. ती मात्र बाहेर मैदानाकडे पाहत राहिली अन् मग म्हणाली, "सर, आपके पास गेंदें कितनी हैं?"

दहा मिनिटांत तिनं मैदानात सातवीचं गोल रिंगण केलं. चेंडू म्हणजे वीज, हातोहात पुढे जाणार. एक पोरगी बल्ब, चेंडू आला की ती एक उडी मारून मगच पुढे देणार.

"और बैटरी कौन?" पूजानं विचारलं.

सगळे पोट्टे माझ्याकडे बोट दाखवून राहिले.

मी एका बाजूनं चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूला देऊ लागलो. बल्ब उड्या मारायचा तोवर मला श्वास घ्यायला मिळत होता. मग पूजानं दोन लेकरांना माझ्याजवळच समोरासमोर उभं केलं, चेंडू रिंगणात न पाठवता थेट एकमेकांना द्यायला लावला. बल्ब बाजूलाच राहिला. चेंडू आले की गेले, आले की गेले. मला थांबायला मिळेना. तोंड लालबुंद, जॅकेट घामानं चिंब, धाप लागली.

"अब बताओ, बैटरी को क्या हुआ?"

"गरम हो गई मैम!" पोट्टे ओरडले. "आग लग गई!"

अन् एक बूट घातलेले साहेब पोट धरून हसून राहिले होते.

महिन्याभरानं त्यांचा शेरा आला. प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचला. पूजाचं कंत्राट पुढे चालू. शाळा रिकामी केली ती शिस्तीत, म्हणून कौतुक. मी ताठ बसलो. मग शेवटची ओळ आली. पाठासाठी निवडलेली सामग्री इतकी जिवंत आहे की एका वरिष्ठ शिक्षकाला ती खरी वाटली, तरी सदर शिक्षकांना या विषयाच्या तासाला सातवीसोबत बसवावं.

तेव्हापासून दर बुधवारी मी शेवटच्या बाकावर असतो. बेचाळीस पोट्टे अन् मी त्रेचाळिसावा. मागच्या बुधवारी पूजानं स्क्रीनवर प्रश्नमंजूषा घेतली अन् माझा एकेचाळिसावा नंबर आला. मी घरी जाऊन बायकोला अभिमानानं सांगितलं, दोघं माझ्याही मागे आहेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी कळलं, ते दोघं त्या दिवशी शाळेतच आले नव्हते.