हात खाली

लॉन्ड्रीवालीला आमची अख्खी इमारत पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. तळमजल्यावरच्या तिच्या दुकानात वाफ आधी इस्त्रीतून निघते की तिच्या नाकातून, यावर वरच्या मजल्यांत पैजा लागतात.

त्या दिवशी मात्र ती तोंडाला कुलूप घालून शाळेत गेली होती. लेक पिटुकली दहा वर्षांची, पाचवीतली, पण सातवीची पुस्तकं केव्हाच फस्त करून बसलेली. तिला थेट हायस्कुलात, आठवीत घ्यायचं का, हे हेडसरांच्या खोलीत ठरणार होतं. टेबलापलीकडे हेडसर, हायस्कूलचे गणिताचे सर आणि पिटुकलीच्या वर्गबाई. अलीकडे मायलेकी.

गणिताच्या सरांनी प्रश्न घातला. पिटुकली गप्प. दुसरा घातला. पिटुकली तिन्ही मोठ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत गप्पच. लॉन्ड्रीवालीची कानशिलं तापली. घरी कपड्यांच्या घड्या घालताना डोकं खाणारी ही कार्टी, हिची इथे दातखीळ?

“असं होतं, ताई,” हेडसर मधाळ आवाजात म्हणाले. “आईला आपलं बाळ बृहस्पतीच वाटतं.”

लॉन्ड्रीवालीने लेकीला कोपराने ढोसलं. “येतंय ना तुला?”

“येतंय.”

“मग मूग गिळून का बसलीस?”

“बाकीच्यांचं अजून झालं नाही.”

“कोण बाकीचे?”

पिटुकलीने टेबलापलीकडे बोट दाखवलं. “हे. बाई म्हणतात, तुझा हात खाली. आधी सगळ्यांना सांगू दे, मग उरलं तर तू. नाहीतर वर्गाबाहेर.”

कुलूप तुटलं.

“अहो, वर्गभर पोरं असतात!” बाई घाईने म्हणाल्या. “हीच बोलत राहिली तर बाकीच्यांना वाईट वाटतं.”

“असं? तुमचा कोट दर आठवड्याला माझ्याकडे येतो. बाकीच्या कपड्यांना वाईट वाटेल म्हणून मी त्याचा बोळा करून देते का?”

“शांत व्हा. पुढच्या वर्षी बघू,” हेडसर म्हणाले.

“आत्ता बघा. बाई, तुम्हीच तिला गप्प केलंत, तुम्हीच बोलायला सांगा.”

बाईंचा चेहरा पडला. “सांग गं,” त्या पुटपुटल्या.

पिटुकलीने दोन्ही उत्तरं एका दमात दिली आणि विचारलं, “पुढचा?” मग पुढचे कितीतरी झाले. शेवटी गणिताचे सरच दमले.

“आम्हाला पहिल्यापासून वाटतच होतं,” हेडसर हसले.

“काय वाटत होतं? मुकी आहे?”

पिटुकली आठवीत गेली, आईचा राग काही गेला नाही. पुढच्या आठवड्यात बाई कोट घेऊन दुकानात आल्या. लॉन्ड्रीवालीने तो खुंटीला टांगला.

“आधी सगळ्यांचे होऊ देत. वेळ उरला तर तुमचा.”

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. कोपऱ्यातून पिटुकली म्हणाली, “आई, दे ना करून. उभ्या आहेत त्या.”

“तू गप्प—” एवढं निघालं आणि लॉन्ड्रीवालीने जीभ चावली.

“बोल, कार्टे, बोल,” ती फणफणली आणि खुंटीवरचा कोट खस्सकन ओढला.