आम्ही साखरशेतकर

संस्थान विलीन झालं, जव्हारातली आमची कचेरी मोडली आणि ठाण्याला पाठवलेल्यांत मीही निघालो. बा मला सोडायला साखरशेताहून जव्हारच्या मोटारस्टँडपर्यंत चालत आला. डोक्यावर माझ्यासाठी नागलीच्या पिठाचं गाठोडं. राजा गेला याचं त्याला फारसं काही नव्हतं; भात लावायला राजा कधी आला नव्हता. त्याची चिंता वेगळीच. मोटार हलली तसं म्हणाला, "कोनी इचारला तं कूळ सांग. आपन भोये. कुळाचा मानूस भेटला तं उपाशी नाय ठेवनार."

ठाण्यात कूळ कुणी विचारलंच नाही. हेडक्लार्कनी विचारलं ते गाव. ते स्वतः मालवणाकडचे, त्यांच्याभोवती सगळे गावाच्या नावानं ओळखले जाणारे. "साखरशेत? मग साखरशेतकर. भोये इथं कुणाला कळणार?" खरं सांगतो, मला बरंच वाटलं. जव्हारात भोये म्हटलं की लोक आधी माझ्या अनवाणी पायांकडे बघायचे. 'कर' लागल्यावर माणूस चपला घालूनच जन्मल्यासारखा वाटतो.

मग नाव पसरलं. माझा चुलतभाऊ आला, तो साखरशेतकर झाला. गावातलाच, पण दुसऱ्या कुळातला एकजण सुतारकामाला आला आणि माझ्या खोलीवर राहिला, तोही साखरशेतकर. आता चाळीत आम्हाला सगळे सख्खे भाऊ समजत. गंमत अशी की खुद्द साखरशेतात हे आडनाव एकाचंही नाही. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागतंय? ते गाव सोडणाऱ्यालाच चिकटतं. ठाणे-कल्याणात जव्हारकर, मोखाडकर म्हणवणाऱ्यांनो, तुम्हाला हे ठाऊक आहे. मागे राहिलेल्यांना हसू येईल. हसा बापड्यांनो, तुमचा हक्क आहे.

रामजी सूर्यमाळकर आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. सूर्यमाळचे, पण विलीनीकरणाच्या कितीतरी आधी लाकडाच्या गाड्यांबरोबर तरुणपणी खाली उतरलेले आणि इथंच राहिलेले. एका रविवारी त्यांच्या दारावरून जाताना नागलीची भाकरी भाजल्याचा वास आला आणि मी उभाच राहिलो. आतून त्यांच्या मुलीनं विचारलं, "काय हवंय?" मी म्हणालो, "भाकरी." ती हसली. तिचं नाव शेवंती. बालवाडीत शिकवायची. सूर्यमाळ तिनं लहानपणी एकदाच पाहिलेलं; उन्हाळ्यात तिथं पाण्यासाठी दरीत उतरावं लागतं हे मी सांगितलं की ती माझ्यावरच रागवायची, जणू पाणी मी आटवलं होतं. मला ती आवडली. तिलाही मी आवडलो, हे तिनं स्वतःच सांगितलं, माझ्यात तेवढा दम नव्हता.

कूळ विचारणं आमच्याकडे म्हाताऱ्यांचं काम. पोरापोरींनी ते तोंडावर आणणं म्हणजे निर्लज्जपणा. आणि म्हातारे कोण, तर एकटे रामजीकाका. त्यांनी हिशेब केला: कुठं सूर्यमाळ, कुठं साखरशेत, मधे एवढे डोंगर, एक सूर्यमाळकर, एक साखरशेतकर. काय आड येणार? सुपारी फोडायचं ठरलं, तेव्हा मी बाला बोलावून घेतलं.

बा आला तो सुनेसाठी नवं लुगडं घेऊन. पाणी प्यायला, घोंगडीवर बसला आणि सगळ्यात आधी विचारलं, "कूळ कंचा तुमचा?"

"भोये," रामजीकाका म्हणाले. किती वर्षांनी तो शब्द उच्चारला असेल कोण जाणे, पण अभिमानानं म्हणाले.

बानं सुपारी खाली ठेवली. "आमीपन भोयेच. ही तं भाऊबहीण झाली."

मग रामजीकाका हळूच म्हणाले, "इथं कोणाला कळणार, दादा? नावं तर वेगळी आहेत."

"आपल्याला कळला ना," बा म्हणाला.

मी बाशी भांडलो. त्याला अडाणी म्हणालो. शेवंती उठली आणि बाला भाकरी वाढायला लागली; त्यातच मला उत्तर मिळालं. निघताना बानं ते लुगडं तिच्या हातात दिलं. "परत नाय नेयाचा. लेकीला दिला."

कुणावर रागवू? हेडक्लार्कवर, ज्यांनी सहज बोलता बोलता माझं कूळ पुसून टाकलं? बावर, ज्याला एवढ्या लांबून येऊन एवढंच विचारायचं होतं? लोक मला विचारतात, गावची आठवण येते का. डोंगर, भात, झरे, असलं काहीतरी त्यांना ऐकायचं असतं. मला घर म्हणजे एवढंच आठवतं, की तिथं दारात पाऊल टाकण्याआधी कूळ विचारतात. गावीच राहिलो असतो तर शेवंती मला पहिल्याच दिवशी बहीण म्हणून भेटली असती. मी भाकरी खाल्ली असती आणि सुखानं घरी गेलो असतो.

त्या दिवाळीत रामजीकाका स्वतः बोलवायला आले. कुळाचं नातं निघालं होतं. न जाणं म्हणजे ते नाकारणं. शेवंतीनं तेच लुगडं नेसलं होतं. तिनं मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि "दादा, वर बघ" म्हणत भाऊबीजेचं ओवाळलं.