मापाचा ब्लाऊज

उजवा स्तन काढल्यानंतर दीड महिन्याने मी शिलाई मशीनवरची चादर काढली. नवरा दारातच उभा होता. मशीन आपल्या बहिणीकडे, युसूफ वडगाव या गावी पोचवायचं त्याने मनात पक्कं केलं होतं.

"हात सुजतोय तुझा. कशाला जिवाला त्रास? ताईची पोरगी शिवणक्लासला जातीय, तिच्या कामी येईल."

"पंधरा दिवस थांबा. तेवढ्यात एक ब्लाऊज धड शिवता आला न्हाई, तर तुमीच टेम्पोत घालून न्या."

"कुणाचा ब्लाऊज?"

"माझा."

बावीस वर्षं मी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. टेप लावली की बायका अंग चोरतात आणि माप चुकतं. म्हणून माझा नियम एकच: अंगाला बरोबर बसणारा जुना ब्लाऊज आणा. मापाचा ब्लाऊज. तो समोर पसरायचा आणि त्यावरून नवा कापायचा. माझाही असा एक ट्रंकेत होता, तोच काढला.

मोठी कात्री धरली की दंडात कळ यायची. मग खडूच्या रेघा मी मारल्या आणि कापायला नवऱ्याला बसवलं. तो शाळेत शिपाई आहे. कागद सोडून त्याने कधी काही कापलेलं नाही. जीभ दातात धरून कापत होता. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "टेलर मास्तर, माझा बी घ्या की शिवायला!" त्याने उठून खिडकी लावली.

चार दिवस लागले. एक शिवण मारायची, हात उशीवर ठेवून बसायचं, परत उठायचं. शिलाई स्वच्छ आली. उजव्या बाजूला कापूस भरला आणि तोच ब्लाऊज घालून कॅन्सरच्या सलाईनसाठी बीडला निघाले. एसटी स्टँडवर उतरेपर्यंत ती बाजू गळ्याशी चढली होती. दवाखान्यात बसल्या बसल्या सारखी खाली ओढत होते.

शेजारच्या खाटेवर दिंद्रुडची एक बाई होती. माझ्याहून मोठी, बाजारात भाजी विकणारी. तिची डावी बाजू काढलेली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"काय गं सारखं ओढतीस?"

"वर चढतोय."

"कुण्या येड्यानं शिवला?"

"मीच. टेलर हाय मी."

"अगं बया! आन् मापाला कोणता घेतलास?"

"माझाच, जुना."

"जुना कावून? ते अंग ऱ्हायलंय का आता?"

सलाईन लावणारी नर्स तोंड फिरवून हसली. मला राग आला, कारण बाई बरोबर बोलत होती. दीड महिना मी आरशाकडे पाठ करून कपडे बदलत होते. गिऱ्हाईक बाळंतपणानंतर जुनं माप घेऊन आलं, तर मी दारातून परत पाठवते. स्वतःच्या वेळी मात्र लक्षात आलं नाही.

"कापसाला वजन न्हाई," ती म्हणाली. "मोहरी भर. हे बघ." माझा हात धरून तिने सरळ आपल्या ब्लाऊजवर ठेवला. जड होतं, हलक्या हाताने दाबलं की सरकत होतं, अगदी अंगासारखं. "अडीनडीला फोडणीला बी होतंय."

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले. टाक्यांची जागा ओढली गेली तरी हसले.

घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि टेपचं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं. तो भिंतीकडे बघायला लागला.

"भिंतीचं माप न्हाई घ्यायचं. इकडं बघा."

त्याने बघितलं. मग डावीकडचे आकडे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे, असे वहीत लिहून घेतले. त्याचं अक्षर नेहमीपेक्षा खराब आलं, पण आकडे बरोबर होते.

दुसऱ्या ब्लाऊजला उजवीकडे आतून खिसा लावला, त्यात मलमलच्या पिशवीत मोहरी. चौदाव्या दिवशी तो घालून नळावर गेले, वाकले, हात जेवढा वर जातो तेवढा नेला. ब्लाऊज जागचा हलला नाही. नवऱ्याने बहिणीला फोन लावला आणि "मशीन देत न्हाई, हिला लागतंय," एवढंच सांगून ठेवला.

पुढच्या सलाईनला दिंद्रुडच्या बाईचं माप पडद्याआड घेतलं. आभार मानायला लागले तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. बाही तेवढी आखूड करू नगंस." तिचे दोन शिवले. तिचं बघून वॉर्डातल्या आणखी तिघींनी सांगितले. मोठ्या कात्रीचं काम अजून नवरा करतो. सूज उतरलेली नाही, उतरेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

दोन महिन्यांनी माझी तपासणी आहे. काय निघेल ते तेव्हा कळेल. काल गावातली एक बाई मुलीच्या लग्नाचे पाच ब्लाऊजपीस शिवायला घेऊन आली. लग्न तपासणीनंतरचं आहे. घुटमळत तिने विचारलं, "हुईल न्हवं तुमच्याच्यानं?"

"हुईल," मी म्हटलं. "अस्तर तेवढं आधी भिजवून आणा, आटतंय."