बॅनरवरचा चेहरा

कशेळ्याच्या नाक्यावर माझ्या भाच्याचा बॅनर लागला होता आणि मी त्याला ओळखलं नाही. दहाव्यासाठी येताना कर्जतहून भरलेल्या जीपमध्ये मी पुढे बसले होते. भावपूर्ण श्रद्धांजली एवढं वाचलं, खाली गोरापान, निळा कोट घातलेला मुलगा पाहिला आणि मनात आलं, अरेरे, आणखी कुणाचा तरी गेला. जीप पुढे गेल्यावर नाव डोक्यात शिरलं. मी त्याची सख्खी आत्या. बारशाला त्याच्या कानात कुर्र करून हे नाव मीच सांगितलं होतं.

सतरा वर्षांचा होता. माझ्या दादाची, म्हणजे त्याच्या बापाची मोटरसायकल घेऊन निघाला, मागे त्याचा मित्र. वळणावर समोरून टेंपो आला. मित्राचा हात मोडला. आमचा पोरगा जागेवर गेला.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं ते पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळून. आईला तोंड दाखवायचं नाही, असं पुरुषमंडळींनी रस्त्यातच ठरवलं होतं. तिला सोसणार नाही म्हणे. मला कुणी विचारलं नाही, वहिनीला तर नाहीच नाही. ती कापडाला हात घालायला गेली तेव्हा दोघाचौघांनी तिला मागे ओढलं. अंगणात पाऊण तास ठेवला असेल, तेवढ्यात उचलला. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

तेव्हापासून वहिनीचं एकच चाललं होतं, "मला त्याचं तोंड दाखवा." जेवण शेजारपाजारचे आणून देत होते, ते तसंच झाकून राहायचं. घरातला फोटो म्हणजे शाळेच्या ओळखपत्रावरचा, ओठ घट्ट मिटलेला. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. फोटो काढायचा म्हटलं की तोंड मिटायचं, नाहीतर हात आडवा धरायचा. बाकी दिवसभर हसायचा.

दहाव्याच्या आदल्या दुपारी त्याचे मित्र आले. एक बॅनर त्यांनी नाक्यावर लावला होता, दुसरा पडवीत लावायला आणला होता. वर्गणी काढून, कर्जतला बॅनरवाल्याकडे खेपा घालून केलेलं काम. एकाच्या मोबाइलमध्ये तो हसतानाचा एक फोटो सापडला होता, काकीला तो बघून बरं वाटेल अशी त्यांची समजूत. त्यांनी बॅनर उलगडून दोन टोकांना धरला.

वहिनी उठली. जवळ जाऊन बघितलं.

"ह्यो कोन?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. बॅनरवाल्याने मेहनत केली होती. टीशर्ट काढून कोट चढवला होता, उन्हात रापलेली कातडी गोरी केली होती आणि तुटका दात पूर्ण करून दिला होता.

"त्याचा दात कुठं हाय?" वहिनी म्हणाली. "माज्या पोराचा दात कुठं नेला?"

धरणाऱ्यांपैकी एक जण तिथंच रडायला लागला. मी बॅनर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उलटा करून लाकडांच्या ढिगावर टाकला. पोरांना मात्र जाऊ दिलं नाही. म्हटलं, बसा. तुमच्याजवळ तो जसा आहे, तसा सांगा तिला.

मग एकाने सुरुवात केली, दातापासूनच. कबड्डीत पडला वगैरे काही नव्हतं. सोमवारी रिसॉर्टमध्ये पाव्हणे नसतात, तेव्हा ही टोळी भिंतीवरून आत शिरून तिथल्या तलावात उड्या मारायची. त्यानं सूर मारला तो थेट पायरीवर.

"मला तं कबड्डी सांगितलं व्हतं," वहिनी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याचं तोंड सोडून दुसरं काही बोलली.

दुसऱ्याने सांगितलं, हळदीच्या कार्यक्रमाला हा ओळख नसलेल्या मांडवातही शिरायचा, नवरीच्या मामाला खांद्यावर घेऊन नाचायचा, आणि लोक त्याला आग्रह करकरून जेवू घालायचे. दादा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "नाचायला पुढं. आन गाडीचे आरसे काडले तेवा मी वरडलो, तं तोंड वर करून मला बोलतो, आरसे लावले का गाडी म्हाताऱ्याची वाटते." दोन्ही आरसे त्याने महिन्यापूर्वीच काढून टाकले होते. एक कुठं गेला कुणास ठाऊक. दुसरा वहिनीने मागच्या दाराशी खिळ्याला बांधला होता, टिकली लावायला.

पोरं थोडी हसली. मीही हसले.

त्या दिवशी गाडीवर मागे बसलेला मित्र, ज्याचा हात मोडला होता, तोही आला होता. प्लास्टर मांडीवर घेऊन खाली बघत होता. वहिनी त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तू संगती व्हतास," ती म्हणाली. "मला दावला नाय त्यांनी. तू सांग. शेवटी कसा दिसत व्हता रं?"

"हसत व्हता, काकी."

"तू तर मागं बसलेलास."

"आरशात दिसला," तो म्हणाला. "मी कायतरी बोललो, तं हसला. दात दिसला त्याचा."

दादाने मान वर केली, मागच्या दाराकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. दार उघडंच होतं. खिळ्याला बांधलेला आरसा बसल्या जागेवरून सगळ्यांना दिसत होता, वहिनीलाही. रोज सकाळी ती त्याच्यातच बघत आली होती.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं होतं. मला वाटलं, आता ही त्याला धरून हलवणार.

वहिनीने शेजारणीने आणलेला भात पुढे ओढला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिने स्वतः कालवला आणि एक घास त्याच्या तोंडाशी धरला.

"खा," ती म्हणाली. "आन परत सांग. आरशात कसा दिसला?"

त्याने घास गिळला आणि परत सांगायला लागला.